सेल्फ-डायनॅमोपासून इंजेक्शनच्या वायरिंगपर्यंत: आमची वाटचाल

भुसावळमध्ये आबांनी दुकान टाकलं ते मोटार वाइंडिंगचं. विहिरींवरच्या पंपांच्या मोटारी, जिनिंगच्या मोटारी आणि जोडीला ट्रक-ट्रॅक्टरचे सेल्फ-डायनॅमो, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटार आणि बॅटरी चार्ज करणारा जनरेटर. यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यात ऐन उन्हाळ्यात पंप बंद पडला की शेतकरी रात्रीसुद्धा दार वाजवायचा. आबा मोटार खोलण्याआधी टर्मिनलपर्यंत आलेली वायर मोजायचे. कित्येक मोटारी न खोलताच परत जायच्या. बिघाड स्टार्टरमध्ये नाहीतर केबलच्या एखाद्या जोडात निघायचा. मोटार जळाली म्हणून वाइंडिंगचे पैसे लावणं त्यांना सहज जमलं असतं. त्यांनी तसं कधी केलं नाही. आमचा आजचा धंदा त्यांच्या त्या सवयीवर उभा आहे.

१९९८ मध्ये सँट्रो आणि होंडा सिटी या कार आल्या त्या इंजेक्शनच्याच, म्हणजे कार्बोरेटरऐवजी विजेवर उघडणाऱ्या इंजेक्टरमधून पेट्रोल फवारणाऱ्या. २००० मध्ये देशभर धुराचे नवे निकष लागू झाले आणि मारुती ८०० सुद्धा एमपीएफआयमध्ये, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेली, मिळू लागली. आपल्या भागात कार्बोरेटरचे कारागीर भरपूर होते आणि उत्तम होते. स्क्रूला पाव आटा देऊन नुसत्या कानावर स्लो, म्हणजे रेस न देता इंजिन चालण्याचा वेग, बसवायचे. नव्या गाड्यांत ती कला चालेना. थ्रॉटल, म्हणजे रेस दिली की उघडणारी हवेची झडप, मिटलेला असताना इंजिनला लागणारी हवा आयडल व्हॉल्व्हमधून जाते आणि तो किती उघडायचा ते ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ठरवतो. एसी लावला, स्टिअरिंग वळवलं, इंजिन थंड असलं, की त्याप्रमाणे तो हवा वाढवतो. इंजेक्टरला तर चावी फिरवली की बारा व्होल्ट मिळतात. ईसीएम पलीकडून काही मिलिसेकंद अर्थ देतो आणि तोडतो. म्हणजे निम्मं काम लोखंडाचं आणि निम्मं तांब्याचं. तांबं आमच्या घरचं होतं, म्हणून आम्ही त्यात उतरलो.

गिऱ्हाईक येतं ते बहुधा एकाच तक्रारीनं: “भाऊ, रेस सोडी की गाडी बंद पडी जास.” तोवर थ्रॉटल बॉडी साफ झालेली असते, पंप आणि प्लग बदललेले असतात, आयडल व्हॉल्व्ह नवा असतो. बऱ्याचदा थ्रॉटलचा स्टॉप स्क्रूही कुणीतरी फिरवून ठेवलेला असतो. त्यानं थ्रॉटल पूर्ण मिटत नाही आणि बिचाऱ्या ईसीएमला पाय कधी उचलला तेच कळत नाही. आम्ही आधी तो स्क्रू जागेवर आणतो, व्हॅक्यूमच्या नळ्या तपासतो आणि मगच मीटर हातात घेतो. व्हॉल्व्ह चार वायरचा स्टेपर, म्हणजे टप्प्याटप्प्यानं फिरणाऱ्या मोटारीचा, असेल तर त्याच्या दोन्ही कॉइलचे ओहम सारखे आले पाहिजेत. ते आले, तर व्हॉल्व्हची कॉइल निर्दोष.

नंतरची तपासणी अर्थची. इंजिन चालू, पंखा आणि हेडलाइट चालू, मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी ईसीएमच्या अर्थ पिनवर. ०.१ व्होल्टच्या वर दिसलं की आम्ही पुढे जात नाही. अर्थचा बोल्ट खोलून पत्रा घासून चकचकीत करतो. मीटरचा कंटिन्यूटीचा, म्हणजे वायर सलग असल्याचा, ‘पी’ आवाज आला म्हणून वायर चांगली, हे आम्ही मानत नाही. शेवटचा एक धागा उरलेली वायरही आवाज देते. तिच्यावर बल्ब लावून भार टाकला की तिचं खरं रूप दिसतं.

खान्देशात एक बिघाड फार सापडतो, तो गॅस किटचा. एलपीजी किंवा सीएनजी किट बसवताना इम्युलेटरसाठी (गॅसवर चालताना पेट्रोलचे इंजेक्टर बंद ठेवणारा डबा) इंजेक्टरच्या वायरी मधूनच कापतात. पुढे किट निघतं, वायरी पिळून वर काळी टेप गुंडाळली जाते. उन्हात टेपचा डिंक सुटतो आणि जोड काळा पडतो. यासाठी आम्ही ईसीएमचं कपलर काढून तिथूनच चारही इंजेक्टर मोजतो. तीन १४ ओहम आणि चौथा १९ दाखवत असेल, तर वरचे पाच ओहम इंजेक्टरचे की जोडाचे, हे इंजेक्टरवर थेट मीटर लावलं की लगेच कळतं. बहुतेक वेळा जोडाचेच निघतात.

जुन्या हौशी गाड्यांचं काम सुरू झालं ते जळगावच्या एका सराफांच्या जर्मन गाडीमुळे. वडिलांची गाडी, नव्वदच्या दशकातली. सकाळी घड्याळासारखी चालायची, आणि तापली की अजिंठा चौफुलीवर सिग्नलला हंटिंग करत, म्हणजे इंजिनचा वेग सारखा वरखाली होत, बंद पडायची. इंजिनवरच्या वायरिंगची नळी चिरली तर आतलं इन्शुलेशन भुकटी होऊन हातात आलं. इंजेक्टरची आणि आयडलची वायर उघडी होऊन एकमेकींना टेकत होत्या. त्या काळातल्या काही युरोपीय गाड्यांत हे दिसतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच ४५ अंश असतं. बॉनेटखाली, धूर बाहेर नेणाऱ्या मॅनिफोल्डजवळ, शंभरच्या पुढे जातं.

तयार वायरिंग मिळेना, म्हणून आम्ही ते बनवायचं ठरवलं. जुनं वायरिंग प्लायवूडवर अंथरलं, प्रत्येक फाट्याला खिळे ठोकले, आणि त्याच मापानं एकेक नवी वायर ओढली. घरगुती पीव्हीसी वायर ७० अंशांची असते, ती इथे चालत नाही. आम्ही १२५ अंश सोसणारी, क्रॉस-लिंक्ड इन्शुलेशनची वायर घेतली. इंजिनचं फिरणं मोजणाऱ्या क्रँक सेन्सरला शील्डची, म्हणजे वरून जाळी असलेली वायर, आणि तिची जाळी एकाच टोकाला अर्थ. सगळीकडे पक्कं क्रिम्पिंग (पिन दाबून बसवणं), वर हीट श्रिंक, म्हणजे तापवली की आवळणारी नळी. गाडी आजही चालते, आणि तो प्लायवूड आम्ही जपून ठेवला आहे. आता तसे प्लायवूडचे फळे भिंतीला रांगेनं टेकलेले आहेत. प्रत्येक गाडीच्या वायरींचे रंग, पिन नंबर आणि चांगल्या अवस्थेतली मोजमापं वह्यांत लिहून ठेवतो. आयटीआय करून आलेली मुलं पहिले काही महिने त्या वह्याच उतरवून काढतात. ईसीएममधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर त्यांच्या हाती नंतर येतो.

धुळे, नंदुरबार, बऱ्हाणपूरहून कामं येतात. तपासणीचे पैसे आम्ही वेगळे घेतो आणि आधी सांगतो, म्हणजे पार्ट विकून ते भरून काढायची वेळ येत नाही. बदललेला पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात परत देतो. गाडी आणणार असाल तर दोन गोष्टी करा: बॅटरीची वायर काढू नका, नाहीतर काही गाड्यांत साठलेले कोड पुसले जातात, आणि बिघाड गरम इंजिनावर येत असेल तर गाडी ट्रेलरवर टाकू नका, शक्य असेल तर चालवत, गरमच आणा.