नाशिकहून लॅमिंग्टन रोड: साठ हजारांच्या संगणकासाठी केलेली खरेदी-फेरी

माझी भाची यंदा वास्तुकलेच्या तिसऱ्या वर्षात गेली आणि तिचा जुना लॅपटॉप रेव्हिट या इमारतींचे आराखडे करण्याच्या सॉफ्टवेअरची साधी फाइल उघडतानाही थांबू लागला, तेव्हा ताईने आणि मी मिळून तिला सुटे भाग जुळवून डेस्कटॉप करून देण्याचे ठरवले. मॉनिटर आणि यूपीएस धरून ६०,००० रुपयांची मर्यादा होती आणि ती ओलांडायची नाही, हे ताईने आधीच बजावले होते. एवढ्या रकमेत काय बसते, त्यातले काय नाशिकमध्ये घ्यावे आणि कशासाठी मुंबईची वाट धरावी, याचा हा वृत्तांत आहे. नाशिककरांचा सर्वसाधारण समज असा, की मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या संगणक-बाजारात गेले म्हणजे हजारो रुपये वाचतात. माझे मत थोडे वेगळे झाले आहे. तिथे खरा लाभ निवडीचा होतो. भावातला फरक काही मोजक्या भागांपुरता असतो, आणि कोणत्या भागांत तो आहे हे घरून निघण्यापूर्वी ठाऊक नसेल तर गाडीभाड्याचे पैसेही सुटत नाहीत.

म्हणून फेरीची सुरुवात घरातच करावी. संगणकावर कोणते काम होणार, हे आम्ही भाचीकडून आधी लिहून घेतले. ऑटोकॅड, स्केचअप आणि रेव्हिट ही तिची रोजची साधने आहेत. या तिन्हींतले बरेचसे काम प्रोसेसरच्या एकाच कोअरवर (स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागावर) चालते, त्यामुळे कोअरची संख्या वाढवण्यापेक्षा एकेका कोअरचा वेग चांगला असणे महत्त्वाचे ठरते. वेगळे ग्राफिक्स कार्ड लागते ते मुख्यतः रेंडरिंगला, म्हणजे आराखड्यावरून खरे वाटणारे चित्र तयार करायला, आणि तिचे गंभीर रेंडरिंग शेवटच्या वर्षात सुरू होईल. त्यामुळे कार्ड आत्ता घ्यायचे नाही, पण पुढे ते बसवताना मदरबोर्ड (बाकीचे भाग जोडले जातात तो मुख्य बोर्ड), एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) किंवा कॅबिनेट यांपैकी काहीही बदलावे लागू नये, असा आराखडा आम्ही केला. याच विचाराने इंटेलचा आय-५ १२४०० हा प्रोसेसर ठरला. त्यात सहा कोअर व बारा थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) आहेत आणि चित्र दाखवण्याची सोय आतच आहे. याच क्रमांकापुढे ‘एफ’ असलेला प्रोसेसर थोडा स्वस्त मिळतो, परंतु त्यात ही सोय नसते, म्हणजे कार्ड घेईपर्यंत पडदा काळाच राहील. एएमडीचा रायझन ५ ५६००जी हाही आमच्या यादीत होता आणि कार्डाविना वापरायला त्यातले ग्राफिक्स अधिक दमदार आहे. पण तो पीसीआय-ई ३.० (कार्ड जोडण्याच्या वाटेची जुनी, कमी वेगाची पिढी) पर्यंतच जातो, आणि पुढे कार्ड घालायचेच असल्याने आम्ही इंटेलकडे वळलो. ज्यांना कार्ड कधीच घ्यायचे नाही, त्यांनी खुशाल ५६००जी निवडावा.

पैशांची वाटणी आम्ही अशी केली: प्रोसेसर व मदरबोर्ड मिळून २२,०००, रॅम (काम चालू असतानाची स्मृती) व एसएसडी (फाइली साठवण्याचा भाग) १४,०००, एसएमपीएस व कॅबिनेट ९,०००, मॉनिटर १०,०००, यूपीएस ४,००० आणि उरलेले १,००० प्रवासाला. ही वाटणी जशीच्या तशी टिकत नाही, विशेषतः रॅमचा भाव आठवड्याआठवड्याला हलतो. तरीही कागदावर मर्यादा असली की एका ठिकाणी वाढलेले पाचशे रुपये दुसरीकडून कोठून काढायचे, हे दुकानातल्या गडबडीत न ठरवता शांतपणे ठरवता येते.

यादी हातात आल्यावर आम्ही प्रथम नाशिकच्याच दुकानांतून, कॅनडा कॉर्नर आणि एम. जी. रोडच्या परिसरात, कोटेशन घेतले. कोटेशन लेखी घ्यावे आणि त्यात प्रत्येक भागाचे पूर्ण मॉडेल लिहून मागावे. ‘१६ जीबी रॅम, ५०० वॉटचा एसएमपीएस’ अशा मोघम नोंदींना काही अर्थ नाही, कारण ५०० वॉटचे लेबल लावलेले दोन एसएमपीएस गुणवत्तेत एकमेकांच्या जवळपासही नसतात. कॅबिनेटसोबत येणारा एसएमपीएस तर मुळीच घेऊ नये. दुकानदाराने तो फुकट दिल्यासारखा सांगितला तरी त्याची किंमत कॅबिनेटमध्ये धरलेलीच असते आणि त्यावर चालणार असतो आपला सगळा संगणक. ‘८० प्लस ब्राँझ’ हा शिक्का केवळ वीज वाया कमी जाते एवढे सांगतो, तो टिकाऊपणाची हमी नव्हे. वॉरंटी किती वर्षांची आहे, हे त्याहून चांगले गमक आहे. पाच वर्षांची वॉरंटी देणारा ५५० वॉटचा एसएमपीएस आमच्या वाटणीत बसला.

कोटेशन तपासल्यावर चित्र स्पष्ट झाले. मॉनिटर, यूपीएस आणि कॅबिनेट यांच्या भावात मुंबई-नाशिक फरक नगण्य होता, शिवाय हे तिन्ही भाग अवजड आहेत आणि मॉनिटर गाडीच्या गर्दीतून आणणे म्हणजे जोखीम आहे. ते नाशिकलाच घ्यायचे ठरले. एसएमपीएससुद्धा इथल्या एका दुकानदाराने आम्हाला हवा तोच मागवून दिला. मदरबोर्डच्या बाबतीत मात्र पर्याय तोकडे पडले. बहुतेकांकडे एच-६१० चिपसेटचे (बोर्डावरच्या मुख्य चिपचा हा एक प्रकार) बोर्ड होते, ज्यांत रॅमच्या दोनच खाचा असतात. पुढे रॅम वाढवताना जुन्या पट्ट्या काढून टाकाव्या लागू नयेत म्हणून आम्हाला चार खाचांचा बी-६६० किंवा बी-७६० बोर्ड हवा होता, तोही डीडीआर-४ या जुन्या पिढीच्या रॅमचा. म्हणून प्रोसेसर, बोर्ड, रॅम आणि एसएसडी हे चार भाग मुंबईहून आणायचे ठरले. चारही एका पाठीवरच्या पिशवीत मावतात, हा हिशेबही त्यात होता.

नाशिक रोडहून सकाळी सातच्या सुमारास निघणारी पंचवटी एक्सप्रेस या कामाला सर्वांत सोयीची आहे. आरक्षण करूनच जावे, कारण रोज जा-ये करणाऱ्या पासधारकांच्या डब्यांत इतरांना जागा मिळत नाही. इगतपुरीनंतर कसाऱ्याचा घाट उतरून गाडी कल्याण, ठाणे करत दादरला पोचते, आणि लॅमिंग्टन रोडला जाणाऱ्यांनी दादरलाच उतरून पश्चिम रेल्वेची धीमी लोकल धरावी. जलद लोकल ग्रँट रोडला थांबत नाही, हे लक्षात ठेवावे. ग्रँट रोड स्थानकाच्या पूर्वेला बाहेर पडले की काही मिनिटांत डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लागतो, तोच लॅमिंग्टन रोड. दुकाने अकराच्या आसपास उघडतात, त्यामुळे पंचवटीने गेलेला माणूस वेळेवर पोचतो. रविवारी बहुतांश बाजार बंद असतो, तेव्हा सुटीचा दिवस म्हणून रविवार धरू नये. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते भिवंडीजवळचे आमणे हा टप्पा खुला झाल्यापासून स्वतःच्या गाडीने जाण्याचा मोह होतो, आणि घाट टळत असल्याने तो रास्तही आहे, परंतु लॅमिंग्टन रोडवर गाडी उभी करायला जागा मिळत नाही आणि भिवंडीपुढची वाहतूक वेळेचा अंदाज चुकवते.

रस्त्याकडेच्या मोठ्या दुकानांपेक्षा इमारतींच्या आतल्या गाळ्यांत आणि वरच्या मजल्यांवर भाव थोडे कमी असतात, मात्र तिथे घाऊक गिऱ्हाइकांना आधी पाहिले जाते आणि आपल्याला थांबावे लागते. भाव विचारताना पहिला प्रश्न एकच असावा: हा जीएसटीसह आहे की जीएसटी वगळून? सुट्या भागांवर १८ टक्के कर आहे, म्हणजे १०,००० रुपयांच्या वस्तूवर १,८०० रुपयांचा फरक पडतो आणि नाशिकपेक्षा स्वस्त वाटलेली वस्तू बिल करताना महाग ठरते. बिल नको असल्यास भाव आणखी कमी करून देण्याची तयारी काही जण दाखवतात. तो मोह टाळावा. बिलाशिवाय वॉरंटीचा दावा करणे अवघड होते, आणि आपण तर दुसऱ्या गावी राहणार. बिलावर प्रत्येक भागाचा सीरियल क्रमांक लिहून घ्यावा आणि तो खोक्यावरच्या क्रमांकाशी तिथेच ताडून पाहावा. कार्डाने पैसे देताना टक्का-दोन टक्के जादा मागितले जातात, म्हणून यूपीआयची दैनंदिन मर्यादा निघण्यापूर्वी पाहून ठेवावी.

प्रोसेसरबाबत ‘ट्रे’ आणि ‘बॉक्स’ हा भेद समजून घ्यावा लागतो. ट्रे प्रोसेसर मूळ खोक्याविना येतो, स्वस्त असतो, त्याबरोबर पंखा मिळत नाही आणि वॉरंटी बहुधा दुकानदाराच्या शब्दापुरतीच असते. सीलबंद बॉक्सला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते आणि १२४०० च्या बॉक्समध्ये पंखाही असतो. वेगळा पंखा विकत घेतला तर ट्रेमधली बचत जवळजवळ संपते. मुंबईत राहणाऱ्याने ट्रेचा विचार करायला हरकत नाही, नाशिकच्या माणसाने करू नये.

मदरबोर्डच्या खरेदीत आम्हाला सर्वाधिक वेळ लागला आणि तो सत्कारणी लागला असे मी म्हणेन. एकाच कंपनीचा, एकाच चिपसेटचा बोर्ड डीडीआर-४ आणि डीडीआर-५ अशा दोन प्रकारांत येतो आणि नावात फरक असतो तो शेवटच्या एखाद्या अक्षराचा. दोन्ही रॅमच्या पट्टीवरची खाच वेगळ्या जागी असल्यामुळे एकीची पट्टी दुसऱ्या बोर्डात बसतच नाही. एका दुकानात आम्ही मागितलेला बोर्ड संपल्यावर ‘हा तोच आहे’ असे सांगून दुसरा पुढे केला गेला. भाचीने खोक्यावरचे मॉडेल यादीशी अक्षरन् अक्षर पडताळले, तेव्हा तो डीडीआर-५ चा निघाला. नंतर दुसऱ्या गाळ्यात हवा तो बी-७६० मिळाला. दुसरी दक्षता सॉकेटची, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेची. एलजीए १७०० सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरवर नसून बोर्डावर असतात, आणि वाकलेली पिन वॉरंटीत धरत नाहीत. म्हणून दुकानदारासमोरच झाकण उघडून, मोबाइलच्या उजेडात तिरके धरून, सर्व पिना एका ओळीत दिसतात का हे पाहावे आणि एक स्पष्ट छायाचित्र काढून ठेवावे. सॉकेटवरचे प्लास्टिकचे झाकण जपून ठेवावे, बोर्ड परत पाठवायची वेळ आल्यास ते मागितले जाते. याच सॉकेटवर इंटेलच्या बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे प्रोसेसर चालतात, त्यामुळे पुढे जुना झालेला वेगवान प्रोसेसर स्वस्तात मिळाला तर तोही बसेल.

रॅम १६ जीबीची एक पट्टी न घेता ८ जीबीच्या दोन घ्याव्यात. प्रोसेसरमधले ग्राफिक्स मुख्य रॅमच वापरते आणि दोन पट्ट्यांमुळे तिच्यापर्यंत जाणारी वाट दुप्पट रुंद होते. एसएसडी घेताना ‘एम.२’ एवढेच ऐकून समाधान मानू नये, कारण त्या आकारात साटा आणि एनव्हीएमई असे दोन्ही प्रकार येतात. साटाचा वेग सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास थांबतो, तर साधा तिसऱ्या पिढीचा एनव्हीएमई ३,५०० एमबीपर्यंत जातो.

चारही भाग शक्यतो एकाच दुकानातून घ्यावेत, भले शे-दोनशे रुपये जास्त पडोत. तसे केल्यास दुकानदार ते काउंटरवर जोडून डिस्प्ले दाखवतो, आणि नाशिकला आल्यावर एखादा भाग बंद निघाल्याचे कळून पुन्हा घाट उतरण्याची वेळ येत नाही. आम्ही असा आग्रह धरला आणि तो मान्य झाला.

परतीची पंचवटी सीएसएमटीहून संध्याकाळी सव्वासहाला सुटते. दादरला सामानासह चढण्यापेक्षा ग्रँट रोडहून टॅक्सी करून सीएसएमटीलाच जावे. बोर्डाचे खोके वरच्या फळीवर न ठेवता मांडीवर किंवा पायांशी ठेवावे. पावसाळ्यात जाणाऱ्यांनी जाड प्लास्टिकची पिशवी घरूनच न्यावी आणि भाग त्यांच्या मूळ अँटिस्टॅटिक (स्थिर वीज रोखणाऱ्या) पिशव्यांतून बाहेर काढू नयेत.

जोडणी आम्ही इंदिरानगरला ताईच्या घरी केली. नाशिकची थंडी कोरडी असते आणि त्या दिवसांत अंगावर स्थिर वीज सहज साठते, म्हणून लोकरी स्वेटर काढून, सतरंजीऐवजी लाकडी टेबलावर, कॅबिनेटच्या उघड्या धातूला वरचेवर हात लावत काम करावे. उलट एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा कॅबिनेट काचेच्या शोभेपेक्षा समोरच्या जाळीकडे पाहून निवडावे आणि मागे एक पंखा हवेच्या निकासाला असावा. पंचवटीतल्या किंवा जुन्या नाशिकमधल्या वाड्यांत राहणाऱ्यांनी आधी अर्थिंग तपासून घ्यावे. न्यूट्रल आणि अर्थ यांमधला दाब दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त भरला तर इलेक्ट्रिशियनला बोलवावे, कारण कॅबिनेटला हात लावल्यावर येणाऱ्या झिणझिण्या हा बहुतेक वेळा अर्थिंगचाच दोष असतो. सध्या ६०० व्हीएचा यूपीएस पुरतो, कारण त्यातून साधारण ३६० वॉट मिळतात आणि कार्डाविना हा संगणक मॉनिटरसह त्याच्या बराच खाली राहतो.

संगणक सुरू झाल्यावर बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगच्या पडद्यावर) जाऊन एक्सएमपी ही रॅमच्या वेगाची सेटिंग चालू करावी, नाहीतर ३२०० ची म्हणून विकत घेतलेली रॅम अनेकदा कमी वेगावर चालत राहते आणि कोणाच्या ते लक्षातही येत नाही. वॉरंटीची नोंदणी त्याच आठवड्यात कंपन्यांच्या संकेतस्थळांवर करावी आणि तिथेच नाशिकमध्ये कोणाचे संकलन केंद्र आहे, कोणासाठी माल कुरिअरने पाठवावा लागतो, हेही नोंदवून ठेवावे. भाचीचे ग्राफिक्स कार्ड पुढच्या वर्षी येईल. तेव्हा कॅबिनेटमध्ये किती लांबीचे कार्ड मावते आणि एसएमपीएसला आठ पिनांची जोडणी आहे का, ही दोन मापे आम्ही आत्ताच घेऊन बिलाच्या पाठीवर लिहिली आहेत. यूपीएस मात्र तेव्हा १,००० व्हीएचा करावा लागेल.