तुम्ही विचारलंत म्हणून: स्पॅनिशमध्ये ‘कुठे आहे’ कसं सांगायचं?

स्पॅनिश शिकवते म्हटलं की हा प्रश्न ठरलेलाच: “इमारतीत कुठे काय आहे ते सांगायला कोणते शब्द पाठ करू?”

शब्द मोजकेच आहेत. ‘अल लादो दे’ म्हणजे शेजारी, ‘एंफ्रेंते दे’ समोर, ‘देत्रास दे’ मागे. आपला ‘च्या’ नामाच्या मागून येतो, त्यांचा ‘दे’ पुढून. लिंगाचं तर आपल्याला काहीच वाटत नाही. ‘तिसरा मजला, तिसरी खोली’ म्हणणाऱ्याला ‘तेर्सेर पिसो’ आणि ‘तेर्सेरा प्लांता’ जड जात नाही (दोन्ही म्हणजे तिसरा मजलाच; ‘पिसो’ पुल्लिंगी, ‘प्लांता’ स्त्रीलिंगी).

गाडी अडते ती ‘आहे’पाशी. आपलं एक ‘आहे’ तिथे तिघांत वाटलेलं आहे. इथे कुठे स्वच्छतागृह आहे का, एवढंच विचारायचं तर ‘आय’: ‘आय उन बान्यो पोर आकी?’ ते आहे हे ठाऊक असून नेमकी जागा हवी, तर ‘एस्ता’: ‘दोंदे एस्ता एल बान्यो?’ (उत्तर बहुतेक वेळा ‘अल फोंदो आ ला देरेचा’, म्हणजे शेवटी उजवीकडे. स्पेनमध्ये यावर विनोदच आहेत.) आणि जिथे काही घडणार आहे, तिथे ‘एस’. ‘दोंदे एस एल एक्सामेन?’ म्हणजे परीक्षा कुठे होणार. ‘दोंदे एस्ता एल एक्सामेन?’ म्हटलंत तर समोरचा प्रश्नपत्रिका शोधू लागेल. माझ्या मते शेजारी-समोरच्या याद्या घोकण्याआधी हे पक्कं करावं.

मजल्यांचं प्रकरण मात्र भाषेपेक्षा देशावर अवलंबून. स्पेन, मेक्सिको, अर्जेंटिनात ‘प्लांता बाखा’ म्हणजे आपला तळमजला, त्यावर पहिला. कोलंबिया किंवा चिलीत रस्त्यालगतचा मजलाच ‘प्रिमेर पिसो’, म्हणजे पहिला. बार्सिलोनाच्या एइशाम्प्ले भागातल्या जुन्या इमारतींत तर आणखी मजा. तळमजल्याच्या वरचा मजला ‘एंत्रेसुएलो’, त्यावर ‘प्रिन्सिपाल’, आणि मग कुठे ‘प्रिमेरो’! लिफ्ट नव्हत्या त्या काळी फार जिने न चढता गाठता येणारा, उंच छताचा ‘प्रिन्सिपाल’ घरमालक स्वतःकडे ठेवत. वास्तुविशारद गाउदीच्या ‘कासा बात्यो’ या तिथल्या इमारतीत बात्यो कुटुंब याच मजल्यावर राहत होतं. त्यामुळे तिथे कुणी ‘पहिल्यावर या’ म्हणालं, तर आधी लिफ्ट आहे का ते विचारा: ‘आय आसेन्सोर?’