१८ मीटरचा हिशेब

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने लिहायला बसलं की डोळ्यांपुढे येतं ते मैदान, आणि त्यावर आखलेला सॉफ्टबॉलचा डायमंड, म्हणजे चार बेसचा चौकोन. तिथे जे शिकायला मिळालं, ते आजच्या संघाच्या हाती द्यावं म्हणून हे लेखन.

पुण्यात सॉफ्टबॉलकडे येणारी मुलं बहुतेक क्रिकेट खेळून आलेली असतात. नजर तयार असते, फेकही असते. आड येतात त्या सवयी. दोन बेसमधलं अंतर ६० फूट, म्हणजे १८.२९ मीटर. शाळकरी खेळाडू ते तीन-चार सेकंदांत कापतो. चेंडू एकदा हातातून सुटला की पहिल्या बेसवरचा आउट, म्हणजे बॅटरच्या आधी चेंडू तिथे पोहोचवणं, बहुधा गेलंच. म्हणून गुडघा टेकवून चेंडू अडवणं इथे परवडत नाही. उठून फेकेपर्यंत वेळ संपलेली असते.

जमिनीवरून येणाऱ्या चेंडूसाठी पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद, वजन चवड्यांवर, कंबर खाली. ग्लोव्ह उघडा, जमिनीला टेकलेला आणि शरीराच्या पुढे. ग्लोव्ह खालून वर नेणं सोपं असतं. वरून खाली न्यायला उशीर होतो आणि चेंडू पायांतून जातो. मुरमाड मैदानावर चेंडू कुठेही उसळतो, त्यामुळे जागेवर उभं राहून वाट पाहू नका. दोन पावलं पुढे जाऊन टप्पा पडताक्षणी घ्या, नाहीतर उसळीच्या माथ्यावर घ्या. मधल्या उंचीवरचा चेंडू सर्वांत वाईट. आणि सरावाआधी इनफिल्डमधले, म्हणजे बेसच्या आतल्या भागातले, खडे वेचा, रोज.

चेंडूचा घेर १२ इंच, म्हणजे साधारण ३०.५ सेंमी. लहान हातात तो दोन बोटांत मावत नाही. शिवणीवर तीन बोटं ठेवली तरी चालतं, फक्त तळव्यात घट्ट दाबू नका. फेकताना ग्लोव्हचा खांदा लक्ष्याकडे, पाऊल लक्ष्याकडे, कोपर खांद्याच्या उंचीला. कोपर खाली आलं की चेंडू बाजूला वळत जातो आणि फर्स्ट बेसमनला बेस सोडावा लागतो. त्यानेही आधीच पाय ताणून उभं राहू नये. फेक कुठे येते ते दिसल्यावरच ताणायचं.

शालेय सामन्यांत सर्वाधिक गोंधळ होतो तो बंटवर, म्हणजे बॅट न फिरवता चेंडू जवळच हलकेच टाकला जातो तेव्हा. पहिल्या बेसवर धावपटू असताना बंट आला तर फर्स्ट आणि थर्ड बेसमन दोघेही पुढे धावतात. मग पहिला बेस सेकंड बेसमनने झाकायचा, दुसरा शॉर्टस्टॉपने (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला खेळाडू). थर्ड बेसमनने चेंडू उचलला तर तिसरा बेस मोकळा राहतो. तो कॅचरने (बॅटरच्या मागे बसणाऱ्या खेळाडूने) धावत जाऊन झाकायचा, नाहीतर हुशार धावपटू न थांबता दोन बेस घेतो. कुठे फेकायचं हे कॅचरने ओरडून सांगावं, कारण पूर्ण मैदान फक्त त्याच्या समोर असतं. शंका असेल तर पहिल्या बेसवरचा खात्रीचा आउट घ्या. पुढच्या धावपटूच्या मोहात दोघेही सेफ होतात, आणि एका धावेची इनिंग चार धावांची होते.

राइट फिल्डरला (पहिल्या बेसच्या मागे, लांब उभ्या खेळाडूला) काम नसतं, हा समज मनातून काढा. इनफिल्डमधून पहिल्या बेसकडे जाणाऱ्या प्रत्येक फेकीच्या मागे त्याने धावायचं. बहुतेक वेळा चेंडू येणार नाही, तरीही धावायचं.

आता आक्रमण. क्रिकेटमधून आलेला बॅटर पूर्ण वजन पुढच्या पायावर टाकतो, मग कंबर फिरतच नाही. पुढचं पाऊल हलकेच टेकवा, कंबर फिरवा, हात त्यामागून येऊ द्या. अंगाजवळचा चेंडू शरीराच्या बराच पुढे मारा. बाहेरचा थोडा आत येऊ द्या आणि विरुद्ध बाजूला ढकला. बंट करताना बॅट स्ट्राइक झोनच्या (मारण्याजोगा चेंडू येतो त्या पट्ट्याच्या) वरच्या कडेला धरा, टोक किंचित वर. चेंडू खाली आला तर गुडघे वाकवा, बॅट खाली पाडू नका. वरच्या हाताची बोटं बॅटच्या मागे हवीत, पुढे आली तर चिरडतील. दोन स्ट्राइकनंतर (मारण्याजोगे दोन चेंडू वाया गेल्यावर) बंट फाउल, म्हणजे रेषेबाहेर, गेला तर आउट, हे विसरू नका.

मारल्यावर बॅट टाका आणि पळा. पहिल्या बेसवर थांबायचं नसतं, त्यावरून सरळ पुढे निघून जायचं. क्रीजपाशी वेग कमी करण्याची सवय इथे आउट करते. बेसवरच्या धावपटूने पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) हातातून चेंडू सुटेपर्यंत बेस सोडायचा नाही, आधी सोडला तर आउट. चेंडू सुटताक्षणी मात्र प्रत्येक वेळी तीन-चार पावलं पुढे, मग नजर कॅचरवर.

पहिल्या आणि तिसऱ्या बेसवर धावपटू असतील तर पहिल्यावरचा दुसऱ्या बेसकडे धाव घेतो, कॅचरला फेकायला लावतो, आणि तिसऱ्यावरचा घरी, म्हणजे बॅटर उभा राहतो त्या होमप्लेटकडे, सुटतो. बचावाने यासाठी एकच फेक पक्की बसवावी: कॅचर दुसऱ्या बेसकडे फेकतो, पण शॉर्टस्टॉप बेसच्या पुढे येऊन चेंडू मधेच घेतो आणि तिसऱ्या बेसवरच्या धावपटूकडे बघतो. धावपटू घराकडे निघाला असेल तर तिथूनच होमप्लेटवर फेक. दुसरा बेस गेला तरी धाव वाचते.