आमची वाटचाल : बियांपासून सायकस

दांडिया बाजारातल्या घराच्या परसात बाबांनी गुलाबाची कलमं करायला घेतली, तिथून ही नर्सरी उभी राहिली. पुढे बडोद्यात बंगले वाढले आणि जो तो दारात लावायला 'सागो पाम' मागू लागला. हे सायकस रेव्होल्युटा, मूळचं जपानकडचं. दिसायला ताडासारखं, पण पाम तर नव्हेच. त्याच्यावर आमची बरीच वर्षं निभावली.

मग एका व्यापाऱ्याने देशी सायकसची जुनी, जाडजूड खोडं देऊ केली. मुळं कुऱ्हाडीने तोडलेली, पानं छाटलेली, बेचक्यांत जंगलातली माती तशीच. आम्ही तो माल उतरवून घेतला नाही. तेव्हापासून आमच्याकडे नियमच आहे : खोड विकत घ्यायचं नाही, बी रुजवायचं.

हे झाड अतिशय सावकाश वाढतं, त्यात नर वेगळा, मादी वेगळी. पश्चिम घाटातल्या सायकस सर्सिनॅलिसची पानं सजावटीला जातात, खोडातला गर औषधाला. वरून जंगलही आकसतंय. आंध्रात शेषाचलमच्या डोंगरांत सायकस बेडोमेई आहे. तिचे नर शंकू, म्हणजे नर झाडाच्या शेंड्यावरची पराग धरणारी कणसासारखी बोंडं, औषधासाठी तोडतात. पराग उधळण्याआधीच शंकू गेला तर मादीला बी धरणार कसं? त्यात उन्हाळ्यातले वणवे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ही जात संरक्षित आहे, लागवडीलाही परवाना लागतो. सायटिस, म्हणजे दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार, त्यातही ती पहिल्या, सगळ्यात कडक परिशिष्टात आहे. कुणी कितीही पैसे देऊ केले तरी ती आमच्याकडे मिळणार नाही.

सर्सिनॅलिस मात्र आम्ही बागांतल्या झाडांच्या बियांपासून वाढवतो. नर शंकू पिकला की उग्र वास सुटतो. खाली कागद धरून टिचकी मारली की पिवळसर भुकटी पडते. हेच पराग. ते कोरड्या ब्रशने मादीच्या बीजांडांवर, म्हणजे ज्यांचं पुढे बी होतं त्यांवर, लावायचे. बी पिकायला महिनोन् महिने जातात. वरचा गर धुऊन काढतो, हातमोजे घालूनच, कारण बी विषारी असतं. मग ओलसर वाळूत पेरायचं आणि थांबायचं. कोवळं पान वर येतं तेव्हा त्याच्या पात्या घड्याळाच्या स्प्रिंगसारख्या गुंडाळलेल्या असतात. तो दिवस आमच्याकडे कुणी चुकवत नाही.

रोप विकण्याजोगं व्हायला वर्षं लागतात, म्हणून किंमत जास्त आहे आणि ती आम्ही कमी करत नाही.

बडोद्यातल्या जुन्या वाड्या-बंगल्यांच्या आवारात मादी सायकस असेल, तर तिच्या शेंड्याला बीजांडं दिसताच आम्हाला कळवा. पराग आम्ही घेऊन येऊ. धरलेल्या बियांतल्या निम्म्या तुमच्या.