गोठ्याच्या डीबीमधली वीतभर तार

आमचा गोठा घरापासून 60 मीटरवर आहे. तेथे कडबाकुट्टी आणि धारा काढण्याचे यंत्र चालते, म्हणून घराच्या मेन स्विचपासून केबल नेऊन गोठ्यात वेगळी डीबी (वीज वाटून देणारी स्विचांची पेटी) बसवलेली आहे. गेल्या पावसाळ्यात एक म्हैस हौदाच्या लोखंडी नळाला तोंड लागताच मान झटकून मागे सरकू लागली, आणि तेही फक्त कुट्टी चालू असताना. गुरांच्या डॉक्टरांनी तिला तपासून "आधी वीज पाहा" असे सांगितले, याबद्दल मी त्यांचा कायम ऋणी आहे. मल्टिमीटरची एक पिन नळाला आणि दुसरी ओल्या जमिनीत ठोकलेल्या खिळ्याला लावली, तेव्हा कुट्टी सुरू होताच 6 व्होल्ट दिसले. पायात चप्पल असलेल्या माणसाला ते कळतही नाहीत. ओल्यात उभ्या असलेल्या जनावराला मात्र ते चांगलेच जाणवतात.

डीबी उघडल्यावर न्यूट्रलची (प्रवाह परत नेणाऱ्या तारेची) पट्टी आणि अर्थिंगची (जमिनीला जोडणाऱ्या तारेची) पट्टी वीतभर तारेने एकमेकींना जोडलेल्या आढळल्या. केबलमध्ये दोनच वायरी असल्याने वायरमनने अर्थिंग न्यूट्रलवरूनच घेतले होते. त्यामुळे घरचा आरसीसीबी (प्रवाह जमिनीकडे गळू लागताच वीज तोडणारा स्विच) सारखा पडू लागला, तेव्हा दोष शोधण्याऐवजी गोठ्याची लाइन आरसीसीबीच्या आधीच जोडण्यात आली.

न्यूट्रल जमिनीला जोडण्याची जागा ट्रान्सफॉर्मरपाशी असते. गोठ्यात तो पुन्हा जोडला की मोटरच्या परतीच्या प्रवाहाचा काही भाग नळ, दावणीचे पाईप आणि जमीन यांतून वाहू लागतो. त्याहून भयंकर म्हणजे, वाटेत न्यूट्रल तुटलाच, तर चालू दिव्यातून पुढे आलेला फेज (जिवंत तारेतली वीज) त्याच तारेने गोठ्यातल्या प्रत्येक लोखंडी वस्तूवर उतरतो.

"मग अर्थिंगसाठी गोठ्यापाशीच खड्डा घेऊन पाईप पुरला की झाले," असे अनेकजण म्हणतात. कोळसा-मीठ घालून पुरलेल्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाईपचा रोध 5 ओहम आला, तरी फेज मोटरच्या अंगाला लागल्यावर 230 भागिले 5, म्हणजे जेमतेम 46 अँपिअर प्रवाह वाहील, आणि एवढ्यावर 32 अँपिअरचा एमसीबी (प्रवाह फार वाढला की वीज तोडणारा स्विच) तासाभरातही पडेल याची खात्री नसते. तेवढा वेळ मोटरचे अंग जिवंत राहते.

म्हणून आम्ही तीन कोअरची केबल टाकून अर्थिंगची वायर घरापासून स्वतंत्र नेली, दोन पट्ट्यांमधली तार काढली, गोठ्यापाशी पाईप पुरून तो अर्थिंगच्या पट्टीला जोडला, आणि नळ व दावणीचे पाईपही त्याच पट्टीला बांधून घेतले. गोठ्याच्या डीबीत 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. त्याचे टेस्टचे बटण मी दर महिन्याला दाबून पाहतो, आणि उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओततो.