तुम्ही विचारलंत म्हणून: आईला ट्रायलमध्ये का घातलं?

"सख्ख्या आईला औषधाच्या ट्रायलमध्ये घातलंस? उंदीर आहे का ती?" मामा, मानेवाड्यातले शेजारी, ऑफिसातल्या मैत्रिणी, चार वर्षं हेच ऐकतेय. तर ऐका.

पैशासाठी नाही घातलं. एकसष्टाव्या वर्षी साध्या ठेचेनं तिचं मनगट मोडलं. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी केली, टी-स्कोअर उणे 2.9, म्हणजे हाडं ठिसूळ झालेली. आठवड्याची गोळी उपाशीपोटी घेऊन अर्धा तास ताठ बसायचं. ॲसिडिटीनं तिनं ती दोन महिन्यांत सोडली. मग या ट्रायलचं, म्हणजे हाडांच्या नव्या औषधाच्या अभ्यासाचं कळलं. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व सगळ्यांना. इंजेक्शनात मात्र कुणाला नवं औषध, कुणाला नुसतं मिठाचं पाणी. एवढं आईला सांगितलं होतं. "सही मी करतो ना, हात माया आहे," म्हणाली आणि त्याच वाकड्या मनगटानं सही केली.

दुसऱ्या वर्षी मे महिन्यात, पहाटे कूलरमध्ये पाणी भरताना ती घसरली. मी धावत आले तर ओल्या फरशीवर पडलेली. डावा पाय उजव्याहून आखूड दिसत होता, पाऊल बाहेर वळलेलं. रडत नव्हती. "पाइप बंद कर आधी, पानी वाया चाललं." खुबा मोडला होता. ऑपरेशन, मग वॉकर. अभ्यास संपल्यावर कळलं, तिला मिठाचं पाणीच मिळत होतं.

तेव्हा मी सगळ्यांना आकडे ऐकवायचे. झोलेड्रॉनिक ॲसिड, हाडांचं दुसरं, आधीपासून वापरात असलेलं औषध, त्याचं वर्षातून एकदा द्यायचं सलाइन. त्याच्या 2007 च्या अभ्यासात साडेसात हजारांवर बायका होत्या, निम्म्या मिठाच्या पाण्यावर. तीन वर्षांत खुबा मोडला तो त्यांच्यातल्या शंभरात 2.5 जणींचा, औषधवाल्यांत 1.4. त्या निम्म्या नसत्या, तर हे कळलं कसं असतं? आजही हेच म्हणते.

पण ते सलाइन आईलाही घेता आलं असतं. संमतीपत्रात 'पर्यायी उपचार' या पानावर त्याचं नाव होतं. मी ते वाचलं, आईला वाचून दाखवलं नाही. घाईत राहून गेलं, असं सांगत आले. घाई नव्हती. दर तीन महिन्यांनी तपासणी, फोन करून विचारपूस, हे मला तिच्यासाठी हवं होतं. ती नाही म्हणेल याची भीती होती.

सलाइन घेऊनही आई त्या 1.4 मध्ये असू शकली असती. एखाद्या दिवशी हे पटतं.

मागच्या दिवाळीत तिला ते पान वाचून दाखवलं. तिनं चष्मा मागितला, स्वतः पुन्हा वाचलं, घडी करून उशीखाली ठेवलं. काही बोलली नाही.