पूर्व डावीकडे

बुलेट क्लस्टरच्या मागे लागून मला सात महिने झाले होते. सुमारे पावणेचार अब्ज प्रकाशवर्षांवर, दक्षिण आकाशातल्या कॅरिना तारकासमूहाच्या दिशेला, दोन दीर्घिकासमूह एकमेकांच्या आरपार गेलेत, तोच हा. अशा समूहात ताऱ्यांचं वस्तुमान जेमतेम एक-दोन टक्के. दिसणाऱ्या द्रव्यातला मोठा वाटा क्ष-किरणांत चमकणाऱ्या, कोट्यवधी अंश तापलेल्या वायूचा. टकरीत वायू वायूला अडला आणि मागे राहिला, दीर्घिका मोकळ्या सुटल्या. मग उरलेलं सगळं वजन, म्हणजे न दिसणारं कृष्ण द्रव्य, कुणाबरोबर गेलं? खगोलशास्त्रज्ञ डग्लस क्लो आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्येच ते दाखवलंय. तरी मला ते स्वतः मोजून बघायचं होतं.

मोजायचे ते पाठीमागच्या दूरच्या दीर्घिकांचे आकार. समूहाच्या गुरुत्वामुळे त्या किंचित ताणलेल्या दिसतात. एकटी दीर्घिका मुळातच लांबट असू शकते, तिच्यावरून काही कळत नाही. शेकडोंची सरासरी काढली की कल हाती लागतो. त्याआधी ताऱ्यांचे आकार तपासून दुर्बिणीनं आणलेला लांबटपणा काढून टाकायचा. त्यातच माझे चार महिने गेले.

त्या मंगळवारी वस्तुमानाचा नकाशा आला तो नुसता गिचमिड. दुपारपर्यंत कोड तीनदा वाचला. रडू यायचंच बाकी होतं. मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या, बराच वेळ बघून म्हणाल्या, "पूर्व कुठे धरलीस गं?"

आकाशाच्या चित्रात पूर्व डावीकडे असते. मी उजवीकडे धरली होती, त्यामुळे तिरक्या ताणाचं चिन्ह उलटं पडलं होतं. एक उणे चिन्ह बदललं, पुन्हा चालवलं. पडद्यावर दोन शिखरं उभी राहिली.

त्यावर चंद्रा दुर्बिणीचं क्ष-किरण चित्र ठेवलं. वायूचा टोकदार गोळा मध्येच राहिलेला, आणि वस्तुमान त्याच्या पुढे, दीर्घिकांच्या सोबत. जिथे दिसणारं द्रव्य सर्वांत जास्त, तिथे शिखर नाहीच! कृष्ण द्रव्य न मानता, नुसता गुरुत्वाचा नियम बदलून हे जुळवणं फार अवघड आहे, असं मला त्या क्षणापासून मनापासून वाटतं.

मॅडम म्हणाल्या, "पंचेचाळीस अंश फिरव." प्रत्येक दीर्घिकेचा कल तेवढा फिरवून नकाशा काढला, की खऱ्या गुरुत्वीय परिणामाची शिखरं विरून जायला हवीत. मी फिरवला. दोन्ही विरली, नुसते ठिपके उरले.

मॅडमनी खुर्ची ओढली. "आता आधीचा परत लाव," म्हणाल्या.